बाटलीवरचं पहिलं नाव

“आणि ही?”

माताजींनी मोरपिसांच्या पिंछीनं तिसऱ्या बाटलीकडे खूण केली.

नेमगोंडाआण्णांनी बाटली उचलली, गळ्यात दोरीनं अडकवलेलं भिंग डोळ्याला लावलं आणि मागचं मुंगीएवढं अक्षर वाचायला घेतलं.

“पाणी... सोडियम लॉरेथ सल्फेट. हे फेसासाठी. खोबरेल न्हाईतर पामतेलापासून करतात, हिंसा न्हाई. डोळ्यात गेलं तर झोंबतं एवढंच. डायमेथिकोन... हे वाळूपासून. केसाला तुळतुळी आणतं. आणि हे बघा, शेवटाकडं लपवलंय. सिल्क अमिनो ॲसिड. रेशीम, माताजी! कोशातला जीव उकळत्या पाण्यात...”

“बाजूला ठेव.”

आण्णांनी ती मोठ्या समाधानानं बाजूला ठेवली. पिशवीत अजून अकरा होत्या.

जैन साध्वी आर्यिका उपशममती माताजींचा त्या वर्षीचा चातुर्मास कृष्णाकाठच्या त्या छोट्या गावात होता. बस्तीला, म्हणजे गावातल्या जैन मंदिराला, लागून असलेल्या खोलीत त्या राहत. वय ऐंशीच्या पुढं. अंगावर एक पांढरं वस्त्र. डोक्यावर बोटभर वाढलेले पांढरे केस, आणि तेही उद्यापर्यंतच. उद्या केशलोच होता. दर तीन-चार महिन्यांनी त्या आपल्या डोक्यावरचे सगळे केस स्वतःच्या हातानं उपटून काढत. गेली बेचाळीस वर्षं.

अशा बाईंपुढं आण्णांनी शाम्पूंची रांग मांडली होती. गावच्या किराणा दुकानात एका वेळी एवढे शाम्पू दिसले नसते. दाराशी बसलेल्या ब्रह्मचारिणी ताई पदर तोंडाशी धरून हसू आवरत होत्या. आण्णांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

नेमगोंडा चौगुले साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं होते. हे भिंगही तिथलंच, साखरेचा दाणा बघायचं. निवृत्त झाल्यावर बघायला दाणा उरला नाही, तेव्हा त्यांनी ते बिस्किटांच्या पुड्यांना लावलं, मग साबणांना, मग केसांच्या तेला-शाम्पूंना. कशात चरबी, कशात मध, कशात लाख, कशात लोकरीचं मेण... गावातल्या बायका आण्णा समोरून दिसले की हातातली पिशवी दुसऱ्या बाजूला घेत.

तरी माणूस खोटा नव्हता. मुंगी चुकवायला रस्त्यात थांबणारा होता. माताजींच्या कमंडलूत रोज पहाटे उकळून गाळलेलं पाणी भरायचं काम त्यानं मागून घेतलं होतं, आणि तीन महिन्यांत एक दिवस चुकवला नव्हता.

“ही माझी यादी,” आण्णांनी घडी उलगडली. “इकडं ग्राह्य, इकडं त्याज्य. एकूण चौसष्ट नावं. बस्तीच्या दारात फळ्यावर लावायची म्हणतोय. वर तुमच्या आशीर्वादाची एक ओळ आली की लोक मानतील.”

माताजींनी यादीकडे बघितलं नाही. बाटल्यांकडे बघत राहिल्या.

“सगळ्या बाटल्यांवर तू पहिलं नाव पाणीच वाचलंस.”

“असतंच ते. कायदाच हाय तसा, माताजी. जे जास्त ते आधी लिहायचं, जे कमी ते शेवटी. पाणी सगळ्यांत जास्त, म्हणून पाणी पहिलं.”

“असं...”

“तीनशे रुपयांची बाटली असू दे न्हाईतर दोन रुपयांची पुडी. निम्म्याहून जास्त पाणीच.”

आण्णा खुशीत आले. इतक्या लक्षपूर्वक त्यांचं कुणी ऐकून घेत नसे. पंच मंडळी तर ते बोलायला लागले की घड्याळ बघत.

“आणि नेमगोंडा, यात तुझ्या सुनेची कुठली?”

आण्णांचा हात पिशवीतच थांबला.

“ती... ती न्हाई हितं. ती मी ओतून टाकली.”

“कुठं?”

“मोरीत.”

“तिच्यात काय होतं?”

“केराटिन.” आता आवाजाला पुन्हा जोर आला. “हायड्रोलाइज्ड केराटिन. खूर, शिंगं, पिसं, लोकर यांपासून काढतात. म्हणजे कत्तलखान्यातनंच की!”

“बाटलीवर तसं लिहिलंय?”

“कशापासून ते लिहीत न्हाईत. पण बहुतेक तेच.”

“कितवं नाव होतं?”

“शेवटून तिसरं.”

“आणि ते लावून काय होतं?”

“मोडका केस जरा धरून राहतो. आपला केस केराटिनचाच असतो, माताजी. त्यात भर पडते.”

“म्हणजे माझ्या डोक्यावरपण तेच हाय?”

“होय, माताजी.”

“बरं झालं, उद्या काढायचंच हाय.”

ताईंना या वेळी हसू आवरलं नाही. आण्णाही ओशाळं हसले. पण माताजी हसत नव्हत्या.

“त्याच्या जागी चालेल असं दुसरं काही असतं का रे?”

“असतं की! गव्हाचं प्रथिन. जवळजवळ तेच काम करतं. माझ्या ग्राह्यात हाय, अकरावं नाव. जयसिंगपुरात मिळतं.”

“मग सुनेला आणून दिलंस?”

आण्णा यादीतल्या अकराव्या नावाकडे बघत राहिले.

“न्हाई... ते सुचलं न्हाई.”

बाहेर कुणीतरी बस्तीची घंटा वाजवली. आण्णांना नको ते सगळं आठवायला लागलं.

चेलना त्यांची सून. मुलगा गोव्यात नोकरीला, महिन्यातून एकदा यायचा. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. घरात दोघंच, सासरा आणि सून. आण्णांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन महिने डोळ्यात थेंब घालणारी तीच, आणि त्या दोन महिन्यांत पुड्यांवरची बारीक अक्षरं भिंगातून मोठ्यानं वाचून दाखवणारीही तीच. इंग्रजी नावं वाचताना अडखळायची, हसायची, पुन्हा वाचायची. अर्धी यादी तिच्याच अक्षरात होती.

ज्येष्ठात तिला टायफॉईड झाला. ताप उतरला, अंगात जीव आला आणि दोन महिन्यांनी केस जायला लागले. उशीवर, मोरीत, फणीत... मूठमूठ. कमरेएवढी वेणी होती पोरीची. डॉक्टर म्हणाले, येतील परत, धीर धरा, फक्त आहेत ते तुटू देऊ नका. मग तिनं ती बाटली आणली. चार-सहा वेळा लावली असेल. फणी न अडकता फिरायला लागली होती.

आण्णांना ती बाटली मोरीच्या कोनाड्यात सापडली. त्यांनी भिंग लावलं.

त्या रविवारी बस्तीत सभा होती. आण्णा यादी वाचायला उभे राहिले आणि शेवटी, आपण किती निःपक्षपाती आहोत हे दाखवायला, त्यांनी पिशवीतून ती बाटली काढून वर धरली.

“दुसऱ्याचं कशाला, ही माझ्याच घरात निघाली!”

बायकांच्या बाजूला चेलना बसलेली होती. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. कुणीतरी फिसकन हसलं. कुणीतरी तिच्या डोक्याकडे बघितलं, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. ती उठली, पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला आणि निघून गेली.

त्याला आज अठरा दिवस झाले होते.

ती जेवायला वाढत होती. विचारलं तर उत्तर देत होती. बस्तीत येत नव्हती, गात नव्हती. महिला मंडळात तिच्यासारखा गळा कुणाचा नव्हता. आणि तिनं डोक्याला पाणी लावलं नव्हतं. आण्णांनी एकदा विचारलंही, “डोकं का धूत न्हाईस गं?” ती म्हणाली, “कशानं धुऊ ते मला कळंना झालंय, आण्णा.” टोमणा नव्हता तो. पोरीला खरंच कळेनासं झालं होतं.

“तिचा भाऊ येणार हाय उद्या,” आण्णा एकदम बोलून गेले. “बाराच्या एसटीनं. माहेरी न्यायला.”

“किती दिवसांसाठी?”

“विचारलं मी. सांगत न्हाई.” आण्णा भिंगाच्या दोरीशी चाळा करत राहिले. “ट्रंक भरलीय. चार दिवसांला ट्रंक लागत न्हाई, माताजी. ती गेली तर घर... घर कसलं, मग नुसत्या भिंती.”

माताजींनी मान हलवली. कशाला हलवली ते आण्णांना कळलं नाही.

“माझं बोलणं खोटं होतं का?” त्यांनी विचारलं. “तुम्हीच सांगा. त्या बाटलीत जे होतं ते होतं का न्हाई?”

“होतं.”

“मग?”

“उद्या राख तूच आणणार न्हवं?”

आण्णांची छाती थोडी फुगली. केस निसटू नयेत म्हणून केशलोचाच्या वेळी बोटांना शेणींची, म्हणजे गोवऱ्यांची, राख लावतात. ती राख द्यायचा मान या खेपेला त्यांना मिळाला होता.

“तयार हाय, माताजी. आमच्याच गाईंच्या शेणी जाळून केलीय. वस्त्रगाळ, तीनदा चाळलेली. पावडर कसली लागेल तिच्यापुढं!”

“तिच्यात काय काय हाय?”

“राख.”

“अजून?”

“अजून काय असणार? राख म्हणजे राख. एकच नाव.”

“यादीत लिही की मग.”

आण्णा हसले. त्यांनी पेन काढलं आणि ग्राह्यात सगळ्यांत खाली, पासष्टावं, ‘राख’ असं लिहिलं.

“उद्या येताना राख आण,” माताजी म्हणाल्या, “आणि ज्या शेणींची केलीस त्यांतलीच एक न जाळलेली शेणी आण. लवकर ये. माणसं जमायच्या आधी.”

दुसऱ्या दिवशी आण्णा सहालाच हजर झाले. एका हातात झाकलेली वाटी, दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली शेणी. घराच्या मागं शेणींची हुडवी रचलेली होती, पावसाळाभर प्लास्टिकच्या कागदाखाली. तिच्यातली त्यांनी वरचीच उचलली.

उचलताना त्यांना चेलनाचं एक वाक्य आठवलं होतं. अठरा दिवसांत न विचारता बोललेलं एवढं एकच. परवा ते शेणी काढत असताना ती मागच्या दारात येऊन उभी राहिली होती.

“आण्णा, हुडवीत पावसाची वल शिरलीय. फोडून बघून मगच जाळा.”

“तू शिकवू नको मला,” असं ते म्हणाले होते.

माताजी पाटावर बसल्या होत्या. ताई दाराशी. बस्तीच्या अंगणात अजून कुणी नव्हतं.

“उकल ती,” माताजी म्हणाल्या. “हळू. अगदी हलक्या हातानं.”

आण्णांनी कागद पसरला आणि शेणी दोन्ही हातांनी अलगद उकलली. ओलसर होती, सहज उकलली.

पहिल्यांदा त्यांना काही दिसलं नाही. मोतीबिंदू काढलेले डोळे ते.

“भिंग लाव.”

त्यांनी भिंग लावलं.

आत घरं होती. लहान लहान पोकळ्या, आणि प्रत्येकीत काहीतरी हलत होतं. पांढऱ्या अळ्या, भाताच्या शितापेक्षा बारीक. काळे चिमुकले भुंगे, उजेड लागताच आत सरकणारे. एका फटीत खसखशीसारखी अंडी, आणि त्यांच्यापाशी एक इवलीशी काळी मादी... ती पळाली नाही. तिथंच थांबली.

आण्णांनी भिंग काढलं नाही. काढलं की माताजींकडे बघावं लागलं असतं.

“किती जाळल्यास?”

भिंग एका पोकळीवरून दुसरीवर सरकलं.

“पाच...” आण्णा म्हणाले. “पाच जाळल्या, माताजी.”

हातातल्या अर्ध्या शेणीतले जीव सांडतील म्हणून त्यांनी हात मोठ्या कष्टानं स्थिर धरला. डोळ्यांतलं पाणी भिंगावर पडलं. एकतीस वर्षं शुद्धता मोजलेला माणूस, पासष्ट नावं पाठ असलेला माणूस, लहान पोरासारखा रडत होता.

“तिनं सांगितलं होतं मला...” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. “चेलनानं.”

“ती शेणी पिंपळाखाली सावलीत ठेवून ये. जशी होती तशी मिटून.”

आण्णा ठेवून आले.

“मी दुसरी राख आणतो. पळत जातो. कुणाच्याही चुलीतली...”

“तिच्यात काय असंल ते सांगशील?”

दाराकडे वळलेले आण्णा तिथंच थांबले.

“मग राहू दे.”

“माताजी, राखेशिवाय... या वयात... बोटं निसटतील. रक्त येईल!”

“येईल थोडं.”

“मग मी सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो. माझ्याकडनं काय झालं ते...”

“तू काहीही सांगायचं न्हाई.” माताजींचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला. “वाटी घेऊन माझ्याशेजारी बस. आणि आता मला मौन हाय.”

नऊच्या आत अंगण भरलं. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मधे चौरंग. शेजारच्या दोन गावांतूनही माणसं आली होती. बस्तीचे पंच बाबगोंडा यांनी माईकवरून मानकऱ्यांची नावं वाचली. केस झेलायच्या ताटाचा मान अमक्याचा, वस्त्राचा तमक्याचा. “आणि राखेचा मान, आपले नेमगोंडा चौगुले!”

लोकांनी जयजयकार केला. आण्णांना तो थोबाडीत बसल्यासारखा लागला. वाटी मांडीवर घेऊन ते खाली मान घालून बसले.

माताजींनी पिंछीनं जागा झाडली. बसल्या. डोळे मिटून हात जोडले. मग त्यांनी आण्णांच्या मांडीवरची वाटी दोन्ही हातांनी उचलली, झाकणासकट, आणि आपल्या पाठीमागं ठेवली.

कोरड्या बोटांनी त्यांनी पहिली चिमूट धरली. ओढली. बोटं निसटली. पुन्हा धरली...

आण्णांनी आजवर कितीतरी केशलोच बघितले होते. राख लावलेली बोटं भराभर चालतात, बघणाऱ्याला वाटतं गवत उपटतायत. आज तसं नव्हतं. एकेका चिमटीला तीन-तीन वेळा धरावं लागत होतं. कानामागं पहिला लाल ठिपका उमटला. माताजींच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही, पण त्यांच्या पायाचा अंगठा चौरंगावर दाबला जात होता. ते शेजारी बसलेल्या आण्णांनाच दिसत होतं.

लोकांत चुळबुळ सुरू झाली.

“राख घेतली न्हाई वाटतं...”

“निसटतंय बघ की.”

बाबगोंडांनी माईक उचलला. “माताजी, राख... राख घ्यावी. नेमगोंडा, वाटी पुढं कर की! का राखेला काय झालंय?”

माताजींनी एक हात वर केला, नको म्हणून, आणि काम चालू ठेवलं. पण प्रश्न सुटलाच होता. तीन गावांच्या माना आण्णांकडे वळल्या. आता कुणीतरी वाटी उघडेल, आता कुणीतरी विचारेल, शेणी बघितल्या होत्यास का रे, तू तर जगाच्या बाटल्या तपासतोस...

त्यांनी मान वर केली आणि सगळ्यांत मागं, खांबाला टेकून उभी असलेली चेलना त्यांना दिसली.

ती आली होती. पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला. तिची नजर माताजींच्या पाठीमागच्या झाकलेल्या वाटीवर होती. मग ती आण्णांवर आली.

तिला सगळं कळलं होतं. या अंगणात न सांगता कळण्यासारखं कुणी असेल तर तीच होती. आण्णांना तिच्या डोळ्यांत बघवेना, आणि नजर काढताही येईना. आता हिनं एक वाक्य बोलावं, असं त्यांना वाटलं. एकच. हिचा हक्कच आहे तो.

“नेमगोंडा, विचारतोय मी!” बाबगोंडांचा आवाज कर्ण्यातून घुमला.

चेलनानं तोंड उघडलं... आणि णमोकार मंत्र सुरू केला.

उंच, स्वच्छ सुरात. अठरा दिवस न वापरलेला गळा पहिल्या शब्दाला थोडा चिरकला, दुसऱ्याला लागला. पुढच्या बायकांनी मागं वळून बघितलं आणि नकळत सूर धरला. मग पुरुषांनी धरला. बाबगोंडांनाही माईक खाली ठेवून हात जोडावे लागले. सगळं अंगण त्या सुरात गेलं आणि राखेचा प्रश्न कुठल्या कुठं राहिला.

हात जोडताना तिचा पदर खांद्यावर घसरला होता. विरळ, चिकट, जागोजागी टाळू दिसणारं डोकं उन्हात उघडं पडलं. तिनं पदर वर घेतला नाही. गात राहिली.

आण्णा कधी तिच्या डोक्याकडे बघत होते, कधी माताजींच्या. त्यांच्या ओठांतून मंत्र फुटत नव्हता.

राखेनं तासाभरात व्हायचं ते काम दीड तास चाललं.

साडेदहाला माताजी खोलीत परतल्या. डोकं पूर्ण उघडं, लालसर, पाच-सहा ठिकाणी रक्त सुकलेलं. उपवास होता, त्यामुळं आज पोटात पाण्याचा घोटही जायचा नव्हता. ताईंनी दार लोटून घेतलं नाही, कारण बाहेर आण्णा उभे होते.

“ये.”

आण्णा आत आले आणि जमिनीवर बसले. यादी त्यांनी खिशातून काढून समोर ठेवली. मग गळ्यातलं भिंग काढून तिच्यावर ठेवलं.

“माताजी, मला प्रायश्चित्त द्या. मोठं द्या. उपवास सांगा, पंधरा सांगा, महिन्याचे सांगा. मी यात्रा करतो. मी ही यादी फाडतो.”

“यादी कशाला फाडतोस? बरी हाय यादी. कुणाला तरी उपयोगी पडंल.”

“मग भिंग...”

“भिंग घाल गळ्यात. लागंल तुला. अजून अख्खी हुडवी बघायची हाय.”

आण्णांनी भिंग पुन्हा गळ्यात घातलं. कमंडलू कोपऱ्यात होता, पहाटे त्यांनीच उकळून भरलेल्या पाण्यानं काठोकाठ.

“चेलना कुठं हाय?”

“घरी गेली. मंत्र झाला तशी गेली, न धुतलेल्या डोक्यानं.”

“भाऊ कधी यायचाय म्हणालास?”

“बाराला.”

“आता किती वाजले?”

“पावणेअकरा.”

माताजींनी डोळे मिटले. त्या दमल्या होत्या. आण्णांना वाटलं, झालं, आता उठावं. ते हात जोडून दारापर्यंत गेले.

“नेमगोंडा.”

“जी.”

“सगळ्या बाटल्यांवर पहिलं नाव कुठलं असतं म्हणालास?”

आण्णा उंबऱ्यात थांबले.

“पाणी, माताजी...”

“मग घरी जा, आणि आधी ते तापव.”